भाऊंचा कम्पॅरेटिव्ह

"भाऊ गिटार शिकताहेत" असं कोणी म्हणालं की भाऊ स्वतःच दुरुस्ती करतात. "शिकत नाहीये अजून. कसं शिकायचं ते फायनल करतोय." हे फायनल करायला घेतलं तेव्हा त्यांची मुलगी दहावीला होती. तिची बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, बंगळुरूला नोकरी लागली. मधे एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने कोपऱ्यातली गिटार उचलली आणि उभ्याउभ्या दोन गाणी वाजवून दाखवली. हॉस्टेलवर रूममेटकडून शिकली म्हणे. भाऊंनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि रात्री तक्त्यात एक नवी ओळ घातली: 'रूममेट – परिणाम उत्तम, सदर वयात उपलब्ध नाही.'

हा तक्ता म्हणजेच भाऊ. बाकीचा माणूस त्या तक्त्याच्या अनुषंगाने असतो.

भाऊ आमचे शेजारी. डोंबिवली पूर्वेला, एका भिंतीपलीकडे, आणि ती भिंतही चार इंची. नोकरी एका सरकारी उपक्रमात, खरेदी विभागात. खरेदी विभागाचा माणूस ओळखायला फार हुशारी लागत नाही. तो नारळ घ्यायला गेला तरी तीन ठिकाणी भाव विचारतो, तिन्हीकडचे नारळ कानाशी धरून हलवतो आणि घरी येताना नारळ विसरतो. तीन कोटेशनं, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, सगळ्यात कमी दराचा 'एल-वन' कोण ते ठरवणं, मग नोट पुट-अप करणं. आयुष्यभर ज्या हाताने हे केलं, त्याच हातात सत्तेचाळिसाव्या वर्षी गिटार आली. आता तो हात तारेवर पडण्याआधी कागदावर पडणार, यात नवल काय?

खरं तर क्लास लावायचा सोपा मार्ग होताच. आमच्या गल्लीतच दोन बोर्ड आहेत. पण तिथे सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. ती 'अंकल' म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आठवड्याभरात वाजवायला लागतात. तेव्हा आपलं आपणच शिकायचं, हे तत्त्व पहिल्या दिवशी मंजूर झालं. प्रश्न फक्त पद्धतीचा उरला.

गिटारची खरेदी मात्र, आश्चर्य म्हणजे, एका दिवसात झाली. धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये ते मलाही घेऊन गेले होते. हे दुकान 1865 पासूनचं. ती तारीख ऐकल्यावर भाऊ सैल झाले. इतकी वर्षं टिकलेल्या 'व्हेंडर'पुढे कोटेशनचा आग्रह धरणं त्यांना असभ्य वाटलं असावं. परतीच्या फास्ट लोकलमध्ये संध्याकाळी साडेसहाला ती गिटार चढवणं हा वेगळा अध्याय आहे. ठाण्यापर्यंत ती आमच्या डोक्यांवरून, हातोहात, डब्यातल्या भजनी मंडळाच्या ताब्यात जाऊन परत आली. मंडळातल्या एका काकांनी कव्हरची चेन उघडून एक तार छेडली, कान तिरका केला आणि म्हणाले, "उतरलीय." भाऊंनी त्या रात्री ट्यूनिंगवर सगळं वाचून काढलं.

ट्यूनिंगपाशीच पहिला ऑडिट आक्षेप निघाला. जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, पाचवी पाचव्यावर दाबली की चौथीचा, चौथीवरून तिसरीचा. इथपर्यंत भाऊ खूष. मग तिसरीवरून दुसरी लावताना एकदम चौथा फ्रेट, आणि दुसरीवरून पहिली लावताना पुन्हा पाचवा. "चार ठिकाणी पाचवा आणि एकाच ठिकाणी चौथा? हे कोणी अॅप्रूव्ह केलं?" मी म्हटलं, हाताला कॉर्ड धरायला सोपं जावं म्हणून शतकानुशतकं तसं चालत आलंय. ते म्हणाले, "चालत आलंय हे कारण नसतं. आमच्याकडेही खूप काही चालत आलंय." पण ट्यूनिंग त्यांनी असं घोटलं की आज डोंबिवली पूर्वेत त्यांच्याइतकी सुरात लागलेली गिटार कुठे नसेल. ती वाजत नाही, पण लागलेली असते. आसपासची पोरं आपापल्या गिटारी लावून घ्यायला त्यांच्याकडे येतात. तिसरी तार जरा उतरली असेल तर भाऊंना जिन्यातूनच कळतं.

मग तक्ता सुरू झाला. ए-थ्री कागद आडवा. डावीकडे पद्धती, वर रकाने: खर्च, कालावधी, स्वयंशिस्तीची आवश्यकता, बोटांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास (हा रकाना मी मागून घेतला), आणि शेवटी 'शेरा'.

पहिलं कोटेशन पुस्तकांचं. अमेरिकेतल्या मेल बे नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धानंतर 'मॉडर्न गिटार मेथड' लिहिलं, त्यावर पिढ्या शिकल्या. ते पाच रेघांच्या नोटेशनवर चालतं. पहिल्या तारेवर तीन सूर, मग दुसऱ्या तारेवर तीन, अशी एकेक पायरी. भाऊंना ते फार आवडलं, कारण ते सरकारी नियमपुस्तिकेच्या अंगाने जातं. कलम, उपकलम, आणि आधीचं कलम पाठ झाल्याशिवाय पुढचं नाही. आठवड्याभर पलीकडून तीन सूर येत होते. तेच तीन. चौथ्याची मी इतक्या आतुरतेने वाट पाहिली, तितकी पगाराचीही कधी पाहिली नाही. मग एके दिवशी ते तीन सूरही थांबले. भाऊंच्या हाती बर्ट वीडन लागला होता.

बर्ट वीडन हा इंग्लंडचा गिटारवाला. त्याचं 1957चं पुस्तक 'प्ले इन अ डे'. एका दिवसात वाजवा! पॉल मॅकार्टनी, एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्यांनी सुरुवात त्यावरून केली हे जगजाहीर आहे. भाऊंनी पुस्तक मागवलं, एक रविवार मोकळा ठेवला, वहिनींना सांगितलं की आज कोणाला जेवायला बोलावू नका. सकाळी आठला सुरुवात. दुपारी दोनला मी भिंतीला कान लावला तर कुरकुर ऐकू आली. संध्याकाळी दारात भेटले तेव्हा चेहरा निविदा रद्द झाल्यासारखा. "एका दिवसात म्हणजे नक्की किती तास? कामकाजाचा दिवस की चोवीस तास? व्याख्याच दिलेली नाही." शेऱ्याच्या रकान्यात 'मुदतीबाबत संदिग्धता' असं आलं आणि वीडन बाद झाले. क्लॅप्टनला ही संदिग्धता नडली नाही, हे मी बोललो नाही. भाऊंशी बोलताना काही गोष्टी गिळाव्या लागतात.

पुस्तकांपाठोपाठ व्हिडिओ आले. हा भाऊंच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा जस्टिन सँडरको नावाचा शिक्षक 2003 पासून इंटरनेटवर फुकट शिकवतो. फुकट हा शब्द खरेदी विभागात संशयाचा असतो, त्यामुळे भाऊंनी आधी महिनाभर त्याच्या शिकवण्यात छुपे खर्च कुठे आहेत ते शोधलं. सापडले नाहीत, तेव्हा ते जरा हिरमुसले, पण शिकायला बसले. त्याचा एक व्यायाम भाऊंच्या फार जिव्हाळ्याचा झाला: दोन कॉर्ड घ्यायच्या, घड्याळ लावायचं, आणि एका मिनिटात किती वेळा एकीवरून दुसरीवर जाता येतं ते मोजायचं. लक्ष्य साठ. मोजायचं म्हटल्यावर भाऊ पेटले. ए मायनरवरून सी, सीवरून ए मायनर. पलीकडून "अकरा... बारा... थांब थांब... बारा" असं येऊ लागलं. आकडे वहीत उतरले, वहीवरून आलेख झाला, आलेख फ्रिजवर लागला. आलेख वर चढला की भाऊ मिशीत हसत, उतरला की वहिनींना सांगत, "आज दमट आहे. तारा जड झाल्यात." हवेचा दोष अगदीच खोटा नव्हता, पावसाळ्यात आमच्याकडे स्टीलच्या तारांना आठवड्यात गंज धरतो आणि बोट घासलं की काळं होतं. पण आलेख उतरण्याचं खरं कारण असं की भाऊ मिनिटातली वीस सेकंदं घड्याळाकडे बघत.

आणि मग एफ आली.

गिटार शिकलेला कोणीही हे अक्षर उच्चारताना क्षणभर गंभीर होतो. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आपापलं काम करायचं. तार कडक, फ्रेट नटच्या लगतचा, म्हणजे ताण सगळ्यात जास्त तिथेच. भाऊंनी जोर लावला. मनगट वाकलं, कोपर बाहेर गेलं, जीभ दातांत आली, आणि आवाज आला तो ओल्या कणकेवर बुक्की मारल्यासारखा. ठप्प. पुन्हा जोर. ठप्प. मधली एखादी तार चुकून बोलली तर तीही कुरकुरून. डाव्या हाताच्या बोटांवर आडव्या निळसर रेघा उठल्या होत्या, तर्जनीच्या कडेला एक लांबट वळ. ते बोट त्यांनी मला दाखवलं, तेव्हा त्यात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त होता. "घट्टे पडायला हवेत. दोन-तीन आठवडे रोज वाजवलं की कातडी निबर होते. मग दुखत नाही." मग पडले का? "नाही ना. मधे पद्धत बदलली."

हे वाक्य भाऊंच्या सगळ्या साधनेला लागू आहे. बोट दुखायला लागलं की त्यांना नवी पद्धत दिसते. दुखणं आणि दर्शन यांचा असा संबंध मी फक्त संतचरित्रांत वाचला होता.

एफपायीच ते मोबाइलच्या अॅपकडे वळले. ही अॅपं फोनच्या माइकमधून तुमची गिटार ऐकतात आणि बरोबर वाजलं की हिरवं, चुकलं की लाल दाखवतात, खेळच सगळा. भाऊंचा उत्साह पुन्हा उसळला. एका संध्याकाळी ते वाजवत असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पडद्यावर हिरवी चांदणी फुटली. खाली 'एक्सलंट'. भाऊ थबकले. पुढच्या शिट्टीला पुन्हा चांदणी. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझा कितवा नंबर लागला?" त्या दिवशी भाऊंपेक्षा कुकरचे गुण जास्त होते. अॅप काढून टाकलं गेलं. शेरा: 'परीक्षक बहिरा नसून मनमिळाऊ आहे, ते अधिक धोकादायक.' भाऊंच्या तक्त्यातला हा शेरा मला फार आवडतो. परीक्षा मंडळांवरही तो चालेल.

इथे वहिनींबद्दल सांगितलं पाहिजे. वहिनींनी लहानपणी मिरजेत पेटी शिकून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्यात, मध्यमापर्यंत. त्यांना भाऊंचा तक्ता कळत नाही असं नाही. त्यांना तो अनावश्यक वाटतो. "आमच्या बाईंची एकच मेथड होती," त्या म्हणाल्या, "चुकलं की बाई गायच्या थांबायच्या आणि नुसतं बघायच्या. ओरडायच्या नाहीत. ते बघणं इतकं वाईट असायचं की दुसऱ्या दिवशी चुकायची हिंमत नव्हती." भाऊंनी वही काढली. "हे बघणं... किती सेकंद असायचं?"

कानाने शिकणं हे पुढचं कोटेशन. आपल्याकडे गिटारवाल्यांची मोठी फौज अशीच तयार झाली: रेकॉर्ड लावायची, थांबवायची, सूर शोधायचा, पुन्हा लावायची. भूपिंदर सिंगांचा आवाज आपण सगळे ओळखतो, पण 1971च्या 'दम मारो दम'मधली गिटारही त्यांची आहे, हे भाऊंनीच मला सांगितलं. त्या गाण्याची सुरुवात कानाने उतरवायची असा त्यांनी चंग बांधला. पण कानाने शिकणाऱ्यांतला त्यांचा खरा देव म्हणजे वेस माँटगोमेरी. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा हा माणूस विशी गाठेपर्यंत धड सुरू झाला नव्हता. दिवसा नोकरी, बायकामुलं, आणि रात्री गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून त्याचे सोलो जसेच्या तसे बोटांवर आणणं. नोटेशन वाचता येत नव्हतं. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने पिक टाकला आणि अंगठ्याच्या मऊ पोटाने वाजवायला लागला, असं सांगतात. त्याच अंगठ्याने पुढे जॅझ गिटारचा नाद बदलला. ही गोष्ट भाऊंनी मला दोन दिवसांत तीनदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी 'शेजारी' या शब्दावर माझ्याकडे सूचक बघितलं. नोकरी, संसार, शेजारी, उशिरा सुरुवात: सगळी अर्हता जुळत होती. फक्त रात्री जागून रेकॉर्ड घोटायचा मुद्दा राहिला. तो भाऊंनी 'तपशील' या सदरात टाकला. काही रात्री भिंतीतून अंगठ्याचे भरीव, दबलेले बुम-बुम येत राहिले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं ऐकायला. मग ते थांबलं, कारण भाऊंना कळलं की गिटारवादक सेगोव्हियाही स्वतःच शिकला होता आणि तो नखांनी वाजवायचा. त्यांनी उजव्या हाताची नखं वाढवायला घेतली. डाव्याची कापलेली, उजव्याची वाढलेली. ऑफिसात फाइल पुढे करताना लोक चमकून हाताकडे बघत. महिनाभर तक्त्यात काही भरलं गेलं नाही, कारण नखं वाढत होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं कोटेशन: गुरू. स्वयंशिक्षणाच्या तक्त्यात गुरू कशाला? "बेंचमार्क म्हणून," भाऊ म्हणाले. "इतरांचे दर वाजवी आहेत का हे कळायला एक बाहेरचा दर घ्यावाच लागतो." म्हणून पुन्हा धोबीतलाव. त्या गल्ल्यांत गोव्याच्या गावांच्या नावांचे जुने क्लब आहेत, 'कूड' म्हणतात त्यांना. मुंबईला नोकरीला किंवा बोटीवर जाणारे गोवेकर तिथे उतरत. गोव्यात चर्चच्या शाळेतले संगीतशिक्षक पोरांकडून लहानपणीच सारेगम नव्हे, दो-रे-मी आणि पाच रेघांचं नोटेशन घोटून घेत. व्हायोलिन हातात द्यायच्या आधी कागद वाचता आला पाहिजे. त्या शिस्तीतून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, बँडांत आणि मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत भरले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळ बांधून दिला. नाव पडद्यावर दुसऱ्याचं, पण कागद यांचे. त्या परंपरेतले एक वयोवृद्ध सर अजून शिकवतात असं कोणीतरी सांगितलं होतं.

सर दुसऱ्या मजल्यावर राहत. खोलीत एक खाट, एक स्टँड, भिंतीवर मेरीमाता आणि छताला अतिशय हळू फिरणारा पंखा. भाऊंनी पिशवीतून तक्त्याची झेरॉक्स काढून दिली. सरांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. खरोखर वाचली. मग घडी घालून खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "बजाव."

"काय वाजवू?"

"जे येत नाय ते."

भाऊंनी एफ धरली. मनगट वाकलं, कोपर बाहेर, जीभ दातांत. ठप्प. सर उठले, मागे जाऊन उभे राहिले. आपल्या दोन बोटांनी त्यांनी भाऊंचा अंगठा धरला, जो गिटारच्या मानेवरून वर डोकावत होता, आणि तो मागच्या बाजूला, मधोमध, मधल्या बोटाच्या समोर आणून टेकवला. कोपर पोटाशी ढकललं. तर्जनी जरा कडेवर कलवली, हाडाच्या बाजूवर, आणि फ्रेटच्या धातूला चिकटवली. "आता दाबू नको. हात लटकू दे. हाताचं वजन हाय ना, ते ओढेल." भाऊंनी तारा छेडल्या.

एफ वाजली. सहाच्या सहा तारा, भरून. मी इतकी वर्षं त्या कॉर्डची वाट बघत होतो की मला उगाचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. भाऊंचं तोंड उघडं राहिलं. सर परत जाऊन खाटेवर बसले. "एवढंच. आता हे रोज. पंधरा मिन्टं. मंगळवारी ये."

जिना उतरताना भाऊ बोलत नव्हते. मला वाटलं, झालं, आता तक्ता बंद. मशीद बंदर गेलं, भायखळा गेलं. दादरला जागा मिळाली तेव्हा त्यांनी पेन काढलं. "माणूस उत्तम आहे. वादच नाही. पण हे सिंगल टेंडर झालं. आणखी दोन सरांचे दर आल्याशिवाय याच्यावर निर्णय घेणं प्रोसीजरमध्ये बसत नाही."

"भाऊ, अहो एफ वाजली."

"वाजली ना. म्हणून तर. घाईत निर्णय नको."

मंगळवारी गाडीला गर्दी होती म्हणून जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी बाकीची दोन कोटेशनं आली नव्हती. सरांनी बसवलेला अंगठा हळूहळू पुन्हा वर डोकावायला लागला. भिंतीतून मला तो ऐकू येई.

त्याच सुमारास भाऊंना दहा हजार तासांचा सिद्धांत सापडला. माल्कम ग्लॅडवेलच्या 2008च्या पुस्तकाने तो घराघरांत नेला; मुळात तो बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या अभ्यासावर आधारलेला, आणि त्यात तासांइतकाच भर सराव कसला करता यावर होता. भाऊंनी तास उचलले. रोज पंधरा मिनिटं धरली तर चाळीस हजार दिवस, म्हणजे साधारण एकशे नऊ वर्षं. हा हिशेब त्यांनी मला गच्चीवर सांगितला. मी सांत्वन करायच्या तयारीत होतो, पण ते अजिबात खचले नव्हते. "म्हणजे बघा, पद्धत निवडण्यात पाच-सात वर्षं गेली तर टक्केवारीत ते काहीच नाही." आणि आणखी एक पुरावा त्यांनी बाहेर काढला. फेंडर या गिटार कंपनीच्या एका प्रमुखांनीच म्हटलंय की सुमारे नव्वद टक्के नवशिके पहिल्या वर्षात गिटार सोडून देतात. "मी सोडली?" भाऊंनी विचारलं. नाही सोडली. "मग मी वरच्या दहा टक्क्यांत."

याला उत्तर नाही. मी शोधलं.

मधे काही दिवस त्यांचा ओढा आडव्या गिटारकडे झाला होता. मांडीवर ठेवून, फ्रेटवर बोट न दाबता, तारेवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ती हवाईयन गिटार. ब्रिजभूषण काब्रांनी ती शास्त्रीय संगीतात आणली, 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर वाजवली. विश्वमोहन भट्टांनी तिच्यावर तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली. भाऊंना यातलं सर्वांत मोलाचं काय वाटलं असेल? "आडवी ठेवली की एफ नाही." पण मग रागदारी यायला हवी, मींड यायला हवी, आणि वहिनींनी शांतपणे विचारलं, "यमनाचा मध्यम कुठला?" कांडी परत गेली.

गेल्या रविवारी त्यांनी बेल वाजवली. हातात गिटार, पण उलटी धरलेली, मान उजवीकडे. चेहऱ्यावर तेच तेज, जे मी वीडनच्या रविवारी आणि नखांच्या महिन्यात पाहिलं होतं.

"बसा," ते माझ्याच घरात मला म्हणाले. "मूळ चूक सापडली. उजव्या माणसाचा चांगला हात कुठला? उजवा. गिटारमध्ये अवघड काम कोणाकडे? डाव्याकडे. एफ कोण धरतो? डावा. म्हणजे क्लिष्ट फाइल ज्युनिअरकडे आणि सीनिअर साहेब नुसते वरखाली हात हलवताहेत. हे कुठल्या ऑफिसात चालेल? जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता, त्याने उजव्या हाताची गिटार उलटी करून तारा फिरवून लावल्या. मी उजवा आहे. मी डावखुऱ्यासारखी धरली, तर एफ माझ्या उजव्या हाताकडे येते!"

तर्कात मला खोट काढता येईना. मी विचारलं, "आणि वरखाली हात हलवायचं डाव्याने?"

"ते सोपं असतं."

त्यांनी उलटी गिटार छातीशी घेतली, डावा हात तारांवर नेला आणि खाली फिरवला. हात साउंडहोलच्या जरा पुढे जाऊन ब्रिजवर आपटला. पुन्हा फिरवला. या वेळी दोन तारा लागल्या आणि करंगळी अडकली.

"सवय नाहीये अजून," भाऊ बोट चोळत म्हणाले. "पण तारा उलट्या लावायच्या तर नटच्या खाचा बदलाव्या लागतील, जाड तारेची खाच बारीक तारेला मोठी होते. नवा नट किती पडेल? तुमच्या ओळखीचे कोणी गिटार दुरुस्तवाले आहेत का? तीन तरी सांगा."